‘७४००’ चा वारसा : अंकीय चिपांच्या कुलांचा इतिहास आणि मायक्रोकंट्रोलर मंडलांतील निवडीचा प्रश्न

सारांश

अंकीय इलेक्ट्रॉनिक्समध्ये तर्ककार्य करणाऱ्या चिपा सुट्या सुट्या जन्माला आल्या नाहीत. त्या कुलांनी जन्माला आल्या. प्रत्येक कुलाची स्वतःची विद्युत-मर्यादा, स्वतःचा वेग आणि स्वतःची शक्ती-भूक होती. १९६१ मध्ये बाजारात आलेल्या आरटीएल कुलापासून आजच्या ३.३ व्होल्टच्या सीमॉस कुलांपर्यंतचा प्रवास प्रस्तुत शोधनिबंधात मांडला आहे. मायक्रोकंट्रोलरभोवती मंडल उभारताना ‘कोणत्या कुलाची चिप निवडावी’ हा प्रश्न वरवर तांत्रिक भासत असला, तरी त्याची उत्तरे इतिहासाने घडविलेली आहेत, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : एकात्मिक मंडल, लॉजिक फॅमिली, टीटीएल, सीमॉस, मायक्रोकंट्रोलर, विद्युतदाब-पातळी, सुसंगती.

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध आणि शोधक यांच्याकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे मानकांकडे दिले जात नाही. पहिले एकात्मिक मंडल कोणी बनविले, हा प्रश्न परीक्षेत हमखास विचारला जातो. परंतु ‘तर्कमूल्य एक’ म्हणजे किती व्होल्ट, हे कोणी आणि का ठरविले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक मंडल चालणे वा न चालणे हे अनेकदा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

तर्कमंडलात माहिती ‘शून्य’ आणि ‘एक’ या दोन मूल्यांनी वाहिली जाते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. तारेवर मात्र शून्य आणि एक नसतात. तेथे केवळ विद्युतदाब असतो. किती दाबाला शून्य म्हणावयाचे, कितीला एक म्हणावयाचे आणि मधल्या प्रदेशाचे काय करावयाचे, हा एक करार आहे. ज्या चिपा हा करार आपसात पाळतात, त्यांच्या समूहास अभियंत्यांच्या व्यवहारात ‘लॉजिक फॅमिली’ म्हणतात. प्रस्तुत निबंधात त्यासाठी ‘कुल’ ही संज्ञा योजली आहे. एका कुलातील चिपा एकमेकींना निर्धास्तपणे जोडता येतात. दोन भिन्न कुलांतील चिपा जोडताना मात्र दोन्हीकडचे करार पडताळून पाहावे लागतात.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) अंकीय चिपांच्या प्रमुख कुलांचा उदय व ऱ्हास कालक्रमाने तपासणे, (आ) मायक्रोकंट्रोलरच्या आगमनानंतर या कुलांची भूमिका कशी बदलली हे पाहणे, (इ) निवडीचे आजचे निकष कोणत्या ऐतिहासिक निर्णयांतून आले याचा शोध घेणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, उत्पादकांच्या माहितीपत्रकांतील सर्वमान्य मर्यादांचा तुलनेसाठी उपयोग केला आहे. विवेचन मुख्यतः अमेरिकेतील घडामोडींभोवती फिरते, कारण ही कुले तेथेच आकाराला आली.

३. आरंभीची कुले : आरटीएल आणि डीटीएल

१२ सप्टेंबर १९५८ रोजी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत जॅक किल्बी यांनी पहिल्या एकात्मिक मंडलाचे प्रात्यक्षिक दाखविले. पुढच्याच वर्षी फेअरचाइल्ड कंपनीत जाँ होर्नी यांनी प्लेनर प्रक्रिया विकसित केली आणि तिच्या आधारे रॉबर्ट नॉइस यांनी एकाच सिलिकॉन तुकड्यावर घटक आणि त्यांच्या जोडण्या एकत्र घडविण्याची कल्पना मांडली. या कल्पनेचे विक्रीयोग्य रूप म्हणजे १९६१ मध्ये फेअरचाइल्डने बाजारात आणलेले ‘मायक्रोलॉजिक’ हे कुल होय. रोध आणि ट्रान्झिस्टर एवढ्यांवरच ते उभे असल्याने त्यास रेझिस्टर-ट्रान्झिस्टर लॉजिक, अर्थात आरटीएल, हे नाव मिळाले.

या कुलाचा सर्वांत मोठा ग्राहक अपोलो चांद्रमोहीम हा होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या उपकरण प्रयोगशाळेने अपोलो यानाच्या मार्गदर्शक संगणकासाठी तीन निवेश असलेले ‘नॉर’ गेट हे एकमेव गेट निवडले. संगणकाच्या दुसऱ्या आवृत्तीत अशी दोन गेटे असलेल्या सुमारे २८०० चिपा होत्या. अनेक प्रकारच्या चिपा वापरून मंडल आटोपशीर करणे शक्य असतानाही एकाच प्रकारावर भर देण्यामागे विश्वासार्हतेचा विचार होता. एकच चिप प्रचंड संख्येने बनविली आणि तपासली, तर तिच्यातील दोष लवकर उघडकीस येतात, हे त्यामागील सूत्र होते. चिपांच्या निवडीत वेग आणि किंमत यांच्या जोडीला ‘किती जणांनी, किती काळ वापरलेली’ हा निकष येथे प्रथमच ठळकपणे पुढे आला.

आरटीएलचे गेट साधे होते, परंतु विद्युत-गोंगाट सहन करण्याची त्याची ताकद कमी होती आणि एका गेटला पुढची फारच थोडी गेटे जोडता येत. त्यावर उपाय म्हणून डायोड-ट्रान्झिस्टर लॉजिक, अर्थात डीटीएल, हे कुल पुढे आले. १९६२ मध्ये सिग्नेटिक्स आणि १९६४ मध्ये फेअरचाइल्ड या कंपन्यांनी या कुलाच्या चिपा बाजारात आणल्या. डीटीएलची गोंगाट-सहनशक्ती चांगली होती. वेग मात्र बेताचाच राहिला.

४. टीटीएल : एका कुलाचे मानकात रूपांतर

डीटीएलमधील निवेश-डायोडांच्या जागी अनेक उत्सर्जक असलेला एकच ट्रान्झिस्टर वापरावा, ही कल्पना १९६१ मध्ये टीआरडब्ल्यू कंपनीतील जेम्स बुई यांनी मांडली. यातून ट्रान्झिस्टर-ट्रान्झिस्टर लॉजिक, म्हणजेच टीटीएल, जन्मास आले. १९६३ मध्ये सिल्व्हेनिया कंपनीने या पद्धतीचे कुल विक्रीस आणले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या शर्यतीत मागाहून आली. तिची लष्करी उपयोगाची ५४०० मालिका १९६४ मध्ये, तर स्वस्त प्लॅस्टिक वेष्टनातील ७४०० मालिका १९६६ मध्ये अवतरली.

पहिला मान सिल्व्हेनियाचा असूनही इतिहासात नाव राहिले ते ७४०० चे. याचे कारण केवळ तांत्रिक सरसता हे नव्हे. ७४०० मालिकेची किंमत झपाट्याने उतरली. नॅशनल सेमिकंडक्टर, सिग्नेटिक्स, फेअरचाइल्ड, मोटोरोला अशा प्रतिस्पर्धी कंपन्यांनी त्याच क्रमांकाच्या, त्याच पायांच्या रचनेच्या चिपा बनविण्यास आरंभ केला. एखाद्या कंपनीकडे माल नसेल तर दुसरीकडून तीच चिप घेता येऊ लागली. अशा रीतीने एका कंपनीचा क्रमांक हा साऱ्या उद्योगाची सामाईक भाषा झाला. मायक्रोप्रोसेसर नसलेला ‘पाँग’ हा १९७२ चा खेळ, १९७३ चा झेरॉक्स कंपनीचा ‘आल्टो’ संगणक आणि १९७७ चा ‘व्हॅक्स-११/७८०’ हे सारे टीटीएलच्या बळावर उभे राहिले.

या कुलाने घालून दिलेला करार लक्षात घेण्यासारखा आहे. पुरवठा ५ व्होल्टचा. निवेशावर ०.८ व्होल्टपर्यंतचा दाब म्हणजे शून्य, २.० व्होल्ट वा अधिक म्हणजे एक. निर्गमाने मात्र अधिक काटेकोर राहावयाचे : शून्य देताना ०.४ व्होल्टच्या वर जावयाचे नाही आणि एक देताना २.४ व्होल्टच्या खाली उतरावयाचे नाही. देणाऱ्याचे बंधन घेणाऱ्याच्या बंधनापेक्षा ०.४ व्होल्टने कडक ठेवल्यामुळे वाटेत मिसळणाऱ्या गोंगाटाला तेवढी जागा राहते. शून्य आणि एक यांचा प्रत्यक्ष उंबरठा सुमारे १.४ व्होल्टवर पडतो. सिलिकॉनच्या एका संधीवर साधारण ०.७ व्होल्टचा उतार असतो आणि टीटीएल गेटात अशा दोन संधी एकामागोमाग येतात. त्यांची बेरीज म्हणजे हा उंबरठा. एका विशिष्ट पदार्थाच्या आणि विशिष्ट रचनेच्या स्वभावातून आलेला हा आकडा पुढे त्या रचनेचा मागमूसही नसलेल्या चिपांत टिकून राहिला, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

५. वेगाचा ध्यास आणि त्याची किंमत

मूळ ७४०० गेटला प्रतिसाद देण्यास सुमारे १० नॅनोसेकंद लागत आणि प्रत्येक गेट सुमारे १० मिलिवॅट शक्ती खाई. याहून वेगवान मार्ग उपलब्ध होता. १९५६ मध्ये आयबीएममध्ये हॅनन युर्की यांनी ट्रान्झिस्टर पूर्ण संपृक्त होऊ न देता प्रवाह एका शाखेतून दुसरीकडे वळविण्याचे तंत्र शोधले होते. त्यातून एमिटर-कपल्ड लॉजिक, अर्थात ईसीएल, हे कुल उदयास आले आणि १९६२ मध्ये मोटोरोलाने ते चिपरूपात आणले. १९७६ मध्ये लॉस अलामॉस येथे बसविलेला ‘क्रे-१’ हा महासंगणक याच कुलाचा. परंतु त्याला सुमारे ११५ किलोवॅट शक्ती लागे आणि उष्णता वाहून नेण्यासाठी फ्रिऑनची शीतनव्यवस्था ठेवावी लागे. वेग विकत घेता येतो, परंतु त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते, हे ईसीएलने दाखवून दिले.

टीटीएलच्या घरातच मध्यममार्ग निघाला. ट्रान्झिस्टरला शॉट्की डायोडची जोड दिली की तो खोल संपृक्त होत नाही आणि लवकर बंद होतो. या युक्तीने ‘७४एस’ कुलात विलंब सुमारे ३ नॅनोसेकंदांवर आला. तीच युक्ती मोठ्या रोधांसह वापरून १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ‘७४एलएस’ कुल तयार झाले. त्याचा वेग मूळ ७४०० एवढाच, परंतु शक्तीचा खप प्रतिगेट सुमारे २ मिलिवॅट, म्हणजे एक-पंचमांश होता. जवळजवळ दीड दशक ‘एलएस’ ही दोन अक्षरे निवडीचे सर्वमान्य उत्तर ठरली.

६. सीमॉस : मंद परंतु मितव्ययी

१९६३ मध्ये फेअरचाइल्डमधील फ्रँक वॉनलास आणि सी. टी. सा यांनी परस्परपूरक मॉस ट्रान्झिस्टरांच्या जोडीची रचना शोधनिबंधातून मांडली. या जोडीत एक ट्रान्झिस्टर चालू असताना दुसरा बंद असतो. त्यामुळे स्थिर अवस्थेत प्रवाहाला मार्गच उरत नाही. टीटीएल गेट मिलिवॅट खात असताना हे गेट स्वस्थ असताना नॅनोवॅटांवर भागवीत असे. यावरील एकस्व १९६७ मध्ये मिळाले आणि १९६८ मध्ये आरसीए कंपनीने ‘सीडी४०००’ ही सीमॉस मालिका बाजारात आणली.

या मालिकेचा गुण म्हणजे ३ ते १५ व्होल्टपर्यंतचा कोणताही पुरवठा तिला चाले. बॅटरीवरील उपकरणांसाठी ती वरदान ठरली. परंतु ५ व्होल्टवर तिचा विलंब शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास असे आणि निर्गमाची ताकद जेमतेम एक एलएस निवेश ओढण्याएवढी होती. करारही निराळा होता. सीमॉसचा उंबरठा पुरवठ्याच्या मध्याजवळ पडतो. म्हणून ५ व्होल्टवर ‘एक’ मानण्यासाठी तिला ३.५ व्होल्ट हवे असत, तर टीटीएल केवळ २.४ व्होल्टची हमी देत असे. दोन कुलांच्या सीमेवर वर ओढणारा रोध जोडणे किंवा पातळी बदलणारी चिप घालणे अपरिहार्य झाले. एक दशकभर ही दोन कुले शेजारी शेजारी, परंतु वेगवेगळ्या चुली मांडून नांदली.

७. मायक्रोकंट्रोलरचे आगमन : प्रश्नाचे बदललेले रूप

१९७१ मध्ये इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर आला. १९७४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस१०००, १९७६ मध्ये इंटेलचा ८०४८ आणि १९८० मध्ये ८०५१ हे मायक्रोकंट्रोलर बाजारात आले. ८०५१ मध्ये ४ किलोबाइट कार्यक्रम-स्मृती, १२८ बाइट कार्यस्मृती आणि ३२ निवेश-निर्गम रेषा एकाच ४० पायांच्या वेष्टनात सामावल्या होत्या. शेकडो गेटांनी करावयाची कामे आता कार्यक्रमाच्या ओळी करू लागल्या.

यामुळे ७४०० मालिका संपुष्टात येईल, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तिची भूमिका बदलली. ती मंडलाचा मेंदू राहिली नाही. मेंदू आणि बाहेरचे जग यांना जोडणारा सांधा बनली. अभियंत्यांनी या कामाला ‘ग्लू लॉजिक’ असे यथार्थ नाव दिले.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अंतर्गत कार्यक्रम-स्मृती नसलेला ८०३१. पायांची संख्या मर्यादित असल्याने त्याच्या शून्य क्रमांकाच्या पोर्टवर प्रथम पत्त्याचे खालचे आठ बिट येतात आणि नंतर त्याच तारांवर विदा येते. पत्ता विरून जाण्यापूर्वी धरून ठेवण्यासाठी बाहेर ‘७४एलएस३७३’ हा लॅच लावावा लागतो. या लॅचचा १५ ते २० नॅनोसेकंदांचा विलंब स्मृतीला उत्तर देण्यासाठी मिळालेल्या वेळातून वजा होतो. म्हणजेच बाहेरच्या स्मृतीची निवड करताना लॅचच्या कुलाचाही हिशेब धरावा लागतो.

मायक्रोकंट्रोलरच्या रचनेवर टीटीएलची छाया किती गडद होती, हे ८०५१ च्या माहितीपत्रकावरून कळते. शून्य क्रमांकाचे पोर्ट आठ एलएस निवेश चालवू शकते आणि इतर पोर्टे चार, अशा शब्दांत तेथे क्षमता सांगितली आहे. एका एलएस निवेशाला शून्यावर ठेवण्यासाठी ०.४ मिलिअँपिअर प्रवाह खाली ओढावा लागतो, चारांसाठी १.६ मिलिअँपिअर. जुने कुल येथे मोजमापाचे एककच झाले होते.

दिवे जोडण्याची रूढीही तेथूनच आली. एलएस निर्गम ८ मिलिअँपिअर प्रवाह गिळू शकतो, परंतु एक देताना केवळ ०.४ मिलिअँपिअर बाहेर सोडू शकतो. म्हणून एलईडी पुरवठ्याकडून जोडावयाचा आणि निर्गम शून्य झाला की तो पेटवावयाचा, अशी उलटी पद्धत पडली. ८०५१ च्या पोर्टांचा वर ओढण्याचा जोरही क्षीण असल्याने ती पद्धत तेथेही चालू राहिली. दोन्ही दिशांनी समान प्रवाह देणाऱ्या सीमॉस कंट्रोलरांवर आजही पुष्कळ मंडले याच रीतीने काढली जातात. कारण विसरले गेले, रूढी उरली.

८. एचसी आणि एचसीटी : दोन अक्षरांवर वाढलेले एक अक्षर

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी सीमॉस प्रक्रियेने टीटीएलचा वेग गाठला. ‘७४एचसी’ हे कुल एलएसएवढे वेगवान, परंतु सीमॉसएवढे मितव्ययी होते. क्रमांक आणि पायांची रचना ७४०० चीच ठेवली गेली. मात्र करार सीमॉसचा राहिला : ४.५ व्होल्ट पुरवठ्यावर ‘एक’ साठी किमान ३.१५ व्होल्ट.

अडचण येथेच उद्भवली. आठ बिटांचा एनमॉस ८०३१ घेतला, तर तो बसवर २.४ व्होल्टचीच हमी देतो. त्यास ७४एलएस३७३ ऐवजी ७४एचसी३७३ जोडला, तर कागदावर करारभंग होतो. असे मंडल प्रयोगशाळेच्या मेजावर चालूनही जाते, कारण प्रत्यक्ष दाब सामान्यतः हमीपेक्षा वर असतो. तपमान बदलले, पुरवठा किंचित घसरला किंवा चिपांचा दुसरा संच आला, की तेच मंडल अधूनमधून चुकू लागते; आणि अधूनमधून चुकणाऱ्या मंडलाचा दोष शोधणे हे पूर्णतः बंद पडलेल्या मंडलाचा दोष शोधण्याहून कितीतरी कठीण असते.

यावरील उपाय म्हणजे ‘७४एचसीटी’ कुल. येथे निवेशाच्या ट्रान्झिस्टरांचे आकार हेतुतः असमान ठेवून उंबरठा १.४ व्होल्टजवळ आणला गेला. ज्या चिपेत टीटीएलची दुहेरी संधी नाही, तिला त्या दुहेरी संधीचा आकडा पाळावयास लावले गेले. याचेही मोल द्यावे लागते : निवेश २.४ व्होल्टसारख्या मधल्या दाबावर राहिला, तर दोन्ही ट्रान्झिस्टर अंशतः चालू राहून थोडा प्रवाह सतत वाहतो. सुसंगती फुकट मिळत नाही, हे येथे स्पष्ट होते.

प्रमुख कुलांच्या मर्यादा पुढील तक्त्यात एकत्र दिल्या आहेत.

तक्ता क्र. १ : निवेश-पातळी व निर्गम-प्रवाह

| कुल | पुरवठा (व्होल्ट) | शून्याची कमाल (व्होल्ट) | एकची किमान (व्होल्ट) | प्रवाह : गिळणे / सोडणे (मिलिअँपिअर) |
|---|---|---|---|---|
| ७४ | ५ | ०.८ | २.० | १६ / ०.४ |
| ७४एलएस | ५ | ०.८ | २.० | ८ / ०.४ |
| ७४एचसी | ४.५ | १.३५ | ३.१५ | ४ / ४ |
| ७४एचसीटी | ४.५ ते ५.५ | ०.८ | २.० | ४ / ४ |
| ७४एसी | ४.५ | १.३५ | ३.१५ | २४ / २४ |
| ७४एलव्हीसी | ३.३ | ०.८ | २.० | २४ / २४ |

तक्त्यावरून असे दिसते की, १९६० च्या दशकातील ०.८ आणि २.० हे दोन आकडे द्विध्रुवी तंत्रज्ञान मागे पडल्यानंतरही, इतकेच नव्हे तर ५ व्होल्टचा पुरवठा सोडून दिल्यानंतरही, कायम राहिले आहेत.

९. अतिवेगाची समस्या

१९८५ च्या सुमारास आलेल्या ‘७४एसी’ कुलाने वेग आणि ताकद दोन्ही वाढविले. तेव्हा एक अनपेक्षित दोष समोर आला. आठ निर्गम एकाच क्षणी एकवरून शून्यावर गेले, की भूमीच्या पायातून क्षणिक मोठा प्रवाह धावतो. त्या पायाच्या स्व-प्रेरकत्वामुळे चिपेच्या आतील भूमीचा दाबच उसळतो आणि स्थिर असलेला निर्गमही क्षणभर खोटा ‘एक’ दाखवितो. यास ‘ग्राउंड बाउन्स’ म्हणतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने पुरवठ्याचे पाय कोपऱ्यांतून मध्यावर आणून हा दोष कमी करण्याचा मार्ग अवलंबिला. परंतु त्यासाठी ७४०० ची परिचित पायांची रचना मोडावी लागली. तांत्रिकदृष्ट्या योग्य असूनही ही नवी रचना सर्वमान्य झाली नाही. जुन्या रचनेचा आधार उद्योगाला सोडवला नाही.

मायक्रोकंट्रोलरच्या संदर्भात या प्रसंगाचा बोध सरळ आहे. १२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या ८०५१ चे एक यंत्रचक्र एक मायक्रोसेकंदाचे असते. अशा मंडलात काही नॅनोसेकंद वाचविण्यासाठी एसी कुलाची चिप घालणे म्हणजे लाभ न मिळविता गोंगाट पदरात घेणे होय. कामास पुरेल एवढाच वेग निवडावा, हा नियम मितव्ययापेक्षाही मंडलाच्या स्थैर्यासाठी आवश्यक आहे.

१०. ५ व्होल्टकडून ३.३ व्होल्टकडे

ट्रान्झिस्टर जसजसे लहान होत गेले, तसतसा त्यांच्या गेटाखालील ऑक्साइडचा थर पातळ झाला व त्यास ५ व्होल्ट पेलवेनात. दुसरे कारण शक्तीचे. सीमॉसमधील गतिमान शक्तिव्यय दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ५ वरून ३.३ व्होल्टवर येताच तो सुमारे ४४ टक्क्यांवर उतरतो. १९९० च्या दशकात ‘७४एलव्हीसी’ यांसारखी ३.३ व्होल्टची कुले याच गरजेतून आली. स्वतः ३.३ व्होल्टवर चालूनही ५ व्होल्टचा निवेश सहन करणे, हा त्यांचा मोलाचा गुण.

मायक्रोकंट्रोलर मात्र काही काळ दोन्ही डगरींवर पाय ठेवून होते. २००५ मध्ये इटलीतील इव्ह्रिया येथे सुरू झालेल्या आर्डुइनो प्रकल्पातील फलक ५ व्होल्टचे होते. २०१४ मधील ईएसपी८२६६, २०१६ मधील ईएसपी३२ आणि २०२१ मधील रास्पबेरी पाय पिको हे ३.३ व्होल्टचे आहेत. यातून कुलांच्या निवडीचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिले : ५ व्होल्टवरील एटीमेगा३२८पी या कंट्रोलरला ‘एक’ ओळखण्यासाठी पुरवठ्याच्या ०.६ पट, म्हणजे ३.० व्होल्ट लागतात. एलएस चिपेची अधिकृत हमी २.७ व्होल्टचीच आहे. येथे एलएस नव्हे, तर एचसी हे योग्य उत्तर ठरते. दुसरे : ५ व्होल्टवर चालणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बी या रंगीत दिव्यांच्या माळेला पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्टचा संकेत हवा असतो, ३.३ व्होल्टचा कंट्रोलर तो देऊ शकत नाही. मध्ये ५ व्होल्टवरील एचसीटी वा एएचसीटी कुलाची बफर चिप घातली की प्रश्न सुटतो, कारण तिला निवेशावर २.० व्होल्ट पुरतात आणि निर्गमावर ती जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट देते. टीटीएलशी जुळवून घेण्यासाठी बनलेली चिप, जेथे टीटीएल औषधालाही नाही अशा मंडलात, दोन पिढ्यांच्या सीमॉसमधील दुभाषा म्हणून उभी राहते.

११. महाविद्यालयीन अध्यापनाच्या संदर्भात

भारतात बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि मोहालीचे सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स येथे एकात्मिक मंडलांचे उत्पादन झाले. परंतु १९८९ मधील आगीने मोहालीच्या प्रकल्पाची मोठी हानी झाली. सर्वसाधारण तर्कचिपांच्या बाबतीत प्रयोगशाळांची भिस्त प्रामुख्याने आयात मालावर राहिली. महाराष्ट्रातील इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवी व पदविका अभ्यासक्रमांत ७४ मालिकेची गेटे, ८०८५ आणि ८०५१ यांनी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या घडविल्या आहेत.

या परंपरेतून एक सवय लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वा पुण्याच्या तपकीर गल्लीत विद्यार्थी ‘७४००’ असा नुसता क्रमांक सांगतो. मधली अक्षरे गळून जातात. क्रमांक चिपेचे कार्य सांगतो, अक्षरे तिचा करार सांगतात. कार्य तेच, पण करार भिन्न, अशी चिप हाती येते. एलएसवर शिकलेला विद्यार्थी न वापरलेला निवेश मोकळा सोडतो, कारण टीटीएलमध्ये असा निवेश बहुधा ‘एक’ सारखा वागतो. एचसीमध्ये तोच मोकळा निवेश हवेतील विद्युतभाराने डोलत राहतो, कधी शून्य तर कधी एक वाचतो आणि चिप विनाकारण प्रवाह खाते. विद्यार्थी मग कार्यक्रमात दोष शोधीत बसतो. चूक त्याच्या बुद्धीची नसते. जुन्या करारावरील नियम त्याला कालातीत सत्य म्हणून शिकविला गेलेला असतो. जोडणीसंख्येचे गणित शिकविताना ते प्रवाहाच्या मर्यादेवर उभे आहे आणि सीमॉसमध्ये त्याची जागा धारितेने व वेगाने घेतली आहे, एवढे सांगितले, तरी हा गैरसमज पुष्कळसा टळू शकेल.

१२. निष्कर्ष

१. लॉजिक कुलांच्या स्पर्धेत पहिला वा सर्वांत वेगवान असण्यापेक्षा अनेक उत्पादकांनी स्वीकारलेला असणे अधिक निर्णायक ठरले. सिल्व्हेनियाचे टीटीएल मागे पडले आणि ७४०० टिकले.

२. मानके कंपन्यांहून दीर्घायुषी ठरली. सिग्नेटिक्स १९७५ मध्ये फिलिप्सकडे, आरसीए १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडे, नॅशनल सेमिकंडक्टर २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे आणि फेअरचाइल्ड २०१६ मध्ये ऑन सेमिकंडक्टरकडे गेली. त्यांनी रुळविलेले क्रमांक आणि पायांच्या रचना मात्र वापरात राहिल्या.

३. मायक्रोकंट्रोलरने तर्कचिपांना नाहीसे केले नाही. त्यांना सांध्याचे काम दिले. त्यामुळे निवडीचा मुख्य निकष वेगाकडून सुसंगतीकडे सरकला.

४. निवडीचा क्रम इतिहासाच्या प्रकाशात पुढीलप्रमाणे मांडता येतो : प्रथम दोन्ही बाजूंचा पुरवठा पाहावा, नंतर देणाऱ्याची हमी घेणाऱ्याच्या मागणीहून वर आहे की नाही ते पडताळावे, त्यानंतर प्रवाह, आणि शेवटी वेग, तोही गरजेपुरता. ५ व्होल्टच्या सीमॉस कंट्रोलरसाठी एचसी, टीटीएल-पातळीचा वा ३.३ व्होल्टचा संकेत ५ व्होल्टकडे नेण्यासाठी एचसीटी आणि ५ व्होल्टकडून ३.३ व्होल्टकडे येण्यासाठी एलव्हीसी, हे या क्रमातून निघणारे साधारण उत्तर होय.

चिपेवर छापलेल्या अक्षरांत सहा दशकांचे निर्णय, तडजोडी आणि विस्मृतीत गेलेली कारणे साठलेली आहेत. ती अक्षरे वाचण्यास शिकविणे हा अंकीय इलेक्ट्रॉनिक्सच्या अध्यापनाचा भाग आहे, आणि तंत्रज्ञानाचा इतिहास वर्गात आणण्याचा तो एक सहज मार्गही आहे.